‘सोडणे’ आणि ‘सुटणे’ : एका जोडीची फेरतपासणी

शालेय व्याकरणात अकर्मक व सकर्मक क्रियापदांच्या जोड्या सांगताना एक ठरावीक यादी दिली जाते : तुटणे–तोडणे, फुटणे–फोडणे, सुटणे–सोडणे. पहिल्या रूपात क्रिया आपोआप घडते, दुसऱ्या रूपात ती कोणीतरी घडवतो, असे स्पष्टीकरण जोडून ही यादी संपते. पदवीच्या भाषाविज्ञानाच्या वर्गातही तीच यादी थोड्या अधिक शास्त्रीय परिभाषेत पुन्हा येते. रूपाच्या दृष्टीने यादीत काहीच चूक नाही. ‘उ’चा ‘ओ’ आणि ‘ट’चा ‘ड’ होतो, आणि तिन्ही जोड्यांत हा बदल अगदी नियमित आहे. प्रश्न अर्थाचा आहे. पहिल्या दोन जोड्यांना लागू पडणारे स्पष्टीकरण तिसऱ्या जोडीला लागू पडत नाही, आणि ते पडत नाही हे आजवर पुरेशा गांभीर्याने घेतले गेलेले नाही.

फांदी तोडली म्हणजे ती तुटली. मडके फोडले म्हणजे ते फुटले. ‘मडके फोडले, पण फुटले नाही’ हे वाक्य कोणी उच्चारलेच, तर ‘फोडले’ याचा अर्थ ‘फोडण्याचा प्रयत्न केला’ असा घ्यावा लागतो. ‘नाते तोडले, पण तुटले नाही’ यासारख्या लाक्षणिक वाक्यातही तोडण्याची क्रिया अपुरी राहिली, असेच ऐकणारा समजतो. याउलट ‘गाव सोडले, पण गाव सुटले नाही’ हे वाक्य पाहावे. येथे सोडण्याची क्रिया अपुरी राहिलेली नाही. माणूस बोचके बांधून गेला, घराला कुलूप लागले, शिधापत्रिकेवरचा पत्ताही बदलला. सोडणे पूर्ण झाले, आणि तरीही सुटणे घडले नाही. वाक्यात विरोधाभासाचा चमत्कारही नाही. खेड्यातली अशिक्षित म्हातारी आणि मुंबईतला गिरणी कामगार दोघेही ते सहज बोलतात. उलट दिशेनेही हेच दिसते. दावे तुटून गाय सुटते, तेव्हा तिला कोणीही सोडलेले नसते. बाळंतिणीची सुटका होते, वारा सुटतो, दीर्घ आजारातून माणूस ‘एकदाचा सुटतो’. या कशालाच सोडणारा नाही.

तात्पर्य, ‘सोडणे’ हे ‘सुटणे’चे कारक रूप आहे हे विधान रूपविचारापुरते खरे आहे. अर्थाच्या पातळीवर या दोन स्वतंत्र घटना आहेत. ‘सोडणे’ ही धरणाऱ्याच्या बाजूची घटना आहे. तिच्यात कोणीतरी आपली पकड, आपला हक्क किंवा आपला संबंध काढून घेतो. ‘सुटणे’ ही धरलेल्याच्या बाजूची घटना आहे. पहिली घडल्याने दुसरी घडतेच असे नाही, आणि पहिलीवाचून दुसरी घडू शकते. मराठीने या दोन्हींसाठी एकाच कुळातले दोन शब्द ठेवले, पण ते एकमेकांत विरघळू दिले नाहीत. हा भेद जपला तर मराठीतील कितीतरी सामाजिक दस्तऐवज नीट वाचता येतात, आणि पुसला तर नेमके कोणाच्या सोयीचे होते, हा या लेखाचा विषय आहे.

व्युत्पत्तीचा विचार येथे थोडक्यात पुरे. प्राकृतातील ‘छुट्ट’ आणि ‘छोड’ या रूपांशी ही जोडी जाते. झ्यूल ब्लोक यांनी मराठीच्या घडणीवरील ग्रंथात (१९२०) ज्या ध्वनिपरिवर्तनाची चर्चा केली आहे, त्यानुसार प्राकृतातला ‘छ’ मराठीत ‘स’ होतो. ‘छुरिया’ची सुरी झाली, ‘मच्छ’चा मासा झाला, ‘पुच्छ’ या धातूपासून पुसणे आले, तसे ‘छोड’पासून सोडणे आले. हिंदीत ‘छ’ टिकला, म्हणून तेथे छूटना–छोड़ना. म्हणजे ‘मुच्’ या संस्कृत धातूशी, आणि म्हणून मुक्त, मुक्ती, मोक्ष, मोचन या शब्दपरिवाराशी ‘सोडणे’चे रक्ताचे नाते नाही. हे मुद्दाम नमूद करायचे कारण असे, की मोल्सवर्थपासून दाते-कर्वे यांच्यापर्यंतच्या कोशपरंपरेत ‘सोडणे’खाली बंधन काढणे, जाऊ देणे, त्यागणे, निघून जाणे हे अर्थ शेजारी शेजारी मांडले जातात. त्यामुळे विद्यार्थ्याच्या मनात ‘सोडणे म्हणजे मुक्त करणे’ हे समीकरण पहिल्याच ओळीत पक्के होते. पुढचे अर्थ मग त्याला या मुख्य अर्थाच्या फांद्या वाटू लागतात. वस्तुतः क्रम उलटा असावयास हवा.

‘सोडणे’चा प्रतियोगी शब्द ‘बांधणे’ नसून ‘धरणे’ आहे. ‘धरसोड’ हा सामासिक शब्दच त्याची साक्ष देतो. ‘सोडणे’ हे हाताचे क्रियापद आहे. हातात काही असल्याखेरीज ते संभवत नाही. सहायक क्रियापद म्हणून त्याचा जो वापर होतो त्यातही हीच स्मृती टिकून आहे. ‘हैराण करून सोडले’, ‘सळो की पळो करून सोडले’, ‘बेजार करून सोडले’ या प्रयोगांत ‘सोडणे’ का यावे, याचे कोडे परभाषकाला पडते. कारण येथे सुटकेचा मागमूसही नाही. पण मराठी भाषकाच्या कानाला त्यात काही विचित्र वाटत नाही. माणसाला धरून ठेवले, विशिष्ट दशेला आणले, आणि मगच हात काढला, असा त्या प्रयोगाचा भाव आहे. सोडण्याच्या क्षणाआधीची सगळी धरपकड ‘सोडले’ या एका शब्दात साठवलेली असते. ‘मुक्त केले’ या शब्दात ती साठवलेली नसते. तेथे बंधन गृहीत असते, पण बांधणारा हात दिसत नाही.

‘पाणी सोडणे’ हा वाक्प्रचार याच अंगाने पाहण्यासारखा आहे. दान देताना हातावरून उदक सोडायचे, म्हणजे त्या वस्तूवरचा आपला हक्क संपला. यावरून ‘एखाद्या गोष्टीवर पाणी सोडणे’ म्हणजे तिची आशा व मालकी टाकणे, असा अर्थ रूढ झाला. पाटबंधारे खात्याच्या भाषेत ‘पाणी सोडणे’ म्हणजे केवळ दरवाजे उघडणे. परंतु २००५ च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यानंतर समन्यायी वाटपाचे तत्त्व आले, आणि नाशिक-नगरच्या धरणांतून पैठणच्या जायकवाडीत पाणी सोडावे की नाही हा वाद पेटला. तेव्हा वरच्या शेतकऱ्याच्या तोंडी ‘पाणी सोडणे’ या शब्दांना दोन्ही अर्थ एकदम आले. त्याच्या लेखी दरवाजा उघडणे आणि हक्कावर उदक सोडणे यांत फरक उरला नव्हता. खालच्या शेतकऱ्याच्या लेखी मात्र ते पाणी त्याचेच होते, वरच्याने ते धरून ठेवले होते इतकेच. क्रियापद एक, पण धरण्याचा हक्क कोणाचा यावर त्याचा अर्थ पालटतो.

येथवरचे विवेचन भाषिक कुतूहलापुरते राहिले असते. पण ‘सोडणे’चा कर्म जेव्हा माणूस असतो, आणि बहुधा स्त्री असते, तेव्हा प्रकरण गंभीर होते.

‘देवाला सोडणे’ हा प्रयोग घ्यावा. वृषोत्सर्गाच्या विधीत मृताच्या नावाने वळू सोडला जातो. त्यावर कोणाची मालकी राहत नाही, तो नांगराला जुंपला जात नाही, गावभर फिरतो, कोणाच्याही शेतात तोंड घालतो. मालकाने हक्क सोडला आणि वळू सुटला. येथे दोन्ही घटना एकत्र घडतात. हेच क्रियापद दक्षिण महाराष्ट्रात आणि सीमेपलीकडील कर्नाटकात यल्लमाला वाहिलेल्या मुलीविषयी वापरले गेले. जट निघाली, घरात आजारपण आले, मुलगा नाही, अशा कारणाने ‘पोरीला देवाला सोडली’ असे घरचे लोक म्हणत. खंडोबाच्या मुरळीविषयीही हीच भाषा आढळते. आईबापांनी हक्क सोडला यात शंका नाही. मुलगी मात्र सुटली नाही. लग्नाचा, घराचा, वारशाचा, मुलांच्या नावापुढे बापाचे नाव लावण्याचा प्रत्येक रस्ता तिच्यासाठी बंद झाला. वळू कोणाचाच नसतो म्हणून मोकळा असतो. ती कोणाचीच नसते म्हणून कोणाचीही होते. मुंबई इलाख्यात १९३४ साली देवदासींच्या संरक्षणाचा कायदा झाला, पुढेही कायदे झाले, आणि त्या सर्वांत ‘समर्पण’ हा शब्द आला. ‘समर्पण’ या शब्दात भक्तीचा वास आहे. ‘सोडणे’ या लोकांच्या शब्दात मालकाचा हात दिसतो. राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ (१९८५) या कादंबरीचे सामर्थ्य बऱ्याच अंशी तिच्या बोलीत आहे असे समीक्षक म्हणतात, ते खरेच आहे. पण बोलीचे सामर्थ्य म्हणजे केवळ प्रादेशिक रंग नव्हे. प्रमाणभाषेने सभ्य करून टाकलेला व्यवहार बोलीतल्या क्रियापदात उघडा राहिलेला असतो, हे त्या सामर्थ्याचे एक कारण म्हणून सांगता येईल.

विवाहाच्या क्षेत्रात ‘सोडणे’ आणि ‘टाकणे’ ही दोन क्रियापदे आज समानार्थी समजली जातात. ‘सोडलेली’ आणि ‘टाकलेली’ या दोघींसाठी संस्कृत छापाचा ‘परित्यक्ता’ हा एकच शब्द लिहिला जातो. जुन्या व्यवहारात मात्र त्यांत जमीनअस्मानाचे अंतर होते. ज्या जातींत पाटाची रीत होती, तेथे नवऱ्याने सोडचिठ्ठी किंवा फारकत लिहून दिली की बाई दुसरा पाट लावण्यास मोकळी होत असे. काडीमोड झाला म्हणजे संबंध संपला, तो दोघांच्याही बाजूने. सोडलेली बाई हिणवली जाई, हे खरे. पण तिच्या हातात एक कागद असे, आणि त्या कागदाने तिच्यावरचा एकाचा हक्क संपुष्टात आणलेला असे. टाकलेल्या बाईच्या हातात काहीच नसे. नवऱ्याने तिला नांदवायचे बंद केले, पण हक्क सोडला नाही. ती धरलेलीही नाही आणि सोडलेलीही नाही, या मधल्या अवस्थेला ‘टाकणे’ हे क्रियापद होते. पाटाची रीत नसलेल्या उच्चवर्णीयांत तर सोडणे शक्यच नव्हते. तेथे फक्त टाकता येत असे. मुंबई प्रांतात १९४७ च्या कायद्याने आणि देशभर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने ही स्थिती बदलली. त्या बदलासाठी जो शब्द रूढ झाला त्या ‘घटस्फोटा’ची कथाही उद्बोधक आहे : धर्मशास्त्रात पतिताला जातीबाहेर टाकताना घट फोडण्याचा जो विधी सांगितला आहे, त्याचे ते नाव. बहिष्काराचा शब्द सुटकेला मिळाला. असो.

‘परित्यक्ता’ या शब्दाने स्त्रियांच्या चळवळीला एक संघटक संज्ञा दिली, याचे ऋण मान्य करूनही त्याने एक भेद पुसला हे नोंदवणे भाग आहे. सोडणे आणि टाकणे यांतला फरक ज्यांना आयुष्याने शिकवला, त्या बायका आजही तो अचूक पाळतात. ‘टाकलीय, पण सोडत नाही’ हे वाक्य ज्याने कोर्टाच्या आवारात ऐकले असेल, त्याला कोशातील नोंद अपुरी वाटल्याखेरीज राहणार नाही.

या संदर्भात रखमाबाईंच्या खटल्याकडे पुन्हा पाहता येते. बालपणी लग्न झालेल्या रखमाबाईंनी नवऱ्याकडे नांदायला जाण्यास नकार दिला, आणि दादाजी भिकाजी यांनी १८८४ साली मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने निर्णय दिला. तो अपिलात फिरला. १८८७ मध्ये नांदायला जा किंवा सहा महिने कैद भोगा, असा हुकूम झाला. रखमाबाईंनी कैद पत्करण्याची तयारी दाखवली. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली आणि दादाजींनी हुकूमनाम्याची अंमलबजावणी सोडून दिली. आज या घटनेविषयी लिहिताना ‘रखमाबाई विवाहबंधनातून मुक्त झाल्या’ असे वाक्य सहज लिहिले जाते. ते चुकीचे आहे. विवाह कोणत्याही न्यायालयाने मोडला नव्हता. दादाजींनी दावा सोडला. रखमाबाईंना सोडले असे म्हणता येईल की नाही याविषयी शंका आहे. आणि रखमाबाई सुटल्या त्या स्वतःच्या नकारावर, लंडनला जाऊन वैद्यकीचे शिक्षण घेण्याच्या निश्चयावर. तीन वेगळ्या घटना, तीन वेगळे कर्ते. ‘मुक्त झाल्या’ या दोन शब्दांत ते तिन्ही कर्ते एकजात नाहीसे होतात.

सहायक क्रियापदांच्या निवडीतही एक विषमता दडलेली आहे. नवरा बायकोला ‘सोडून देतो’. बायको नवऱ्याला ‘सोडून जाते’. ‘तिने नवऱ्याला सोडून दिले’ हे व्याकरणदृष्ट्या शुद्ध असले तरी क्वचितच ऐकू येते. देण्यासाठी हातात काही असावे लागते. जिच्या हातात घर नाही, तिला जाणेच शक्य असते.

या जोडीचा तिसरा सदस्य ‘सोडवणे’. व्याकरणात त्याला प्रयोजकाचे पुढचे पाऊल मानतात, म्हणजे ‘दुसऱ्याकडून सोडण्याची क्रिया करविणे’. व्यवहारात त्याचा अर्थ अधिक नेमका आहे. जो धरणारा नाही आणि धरलेलाही नाही, अशा तिसऱ्याची ही क्रिया आहे. गहाण सोडवणे, भांडण सोडवणे, जामीन देऊन सोडवणे या सर्वांत तिसरा माणूस मध्ये पडतो. गुंता आणि गणित सोडवतानाही हाच भाव असतो. गजेंद्रमोक्षाचे आख्यान हे या तिन्ही क्रियापदांचे आदर्श उदाहरण म्हणून वर्गात सांगता येईल. मगर पाय सोडत नाही; गजेंद्राला स्वतःच्या बळावर सुटता येत नाही; विष्णू धावून येऊन सोडवतो. कथेच्या नावात ‘मोक्ष’ आहे, पण कीर्तनकार ती सांगू लागला की या तीन क्रियापदांवाचून त्याचे भागत नाही, कारण कथेतली तीन पात्रे तीन क्रियापदांत विभागलेली आहेत. जाता जाता एक लक्षात घ्यावे : ‘सोडवत नाही’ हे शक्य क्रियापदाचे रूपही आहे. ‘घर सोडवत नाही’ म्हणजे हात उघडत नाही. ‘तो मला सोडवत नाही’ म्हणजे मदतीला येत नाही. रूप एक, पण एकात धरणाऱ्याची असहायता आहे आणि दुसऱ्यात तिसऱ्याची उदासीनता.

आता ‘मुक्त करणे’ या प्रयोगाकडे वळता येईल. शोधनिबंधांत, भाषांतरांत आणि शासकीय मराठीत गेल्या काही दशकांत ‘सोडणे’, ‘सोडवणे’ आणि ‘सुटणे’ या तिघांच्या जागी सर्रास हा एकच प्रयोग येऊ लागला आहे. बदली झालेला कर्मचारी ‘कार्यमुक्त’ होतो, आणि ज्याला घरी बसवले तोही ‘कार्यमुक्त’ होतो. ‘वेठबिगारांना मुक्त करण्यात आले’ या वाक्यात मालकाने त्यांना सोडले, अधिकाऱ्याने सोडवले, की ते स्वतःच पळून सुटले आणि नंतर त्यांची नोंद झाली, हे कळण्याचा मार्ग नाही. ‘करण्यात आले’ या कर्तृलोपी रचनेची त्यात भर पडते. पण मूळ दोष क्रियापदाच्या निवडीत आहे.

याचे सर्वांत बोलके उदाहरण ‘विमुक्त’ ही संज्ञा. १८७१ च्या कायद्याने अनेक जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले. हजेरी, परवाने, आणि सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातल्या वसाहती असे त्यांचे जीवन झाले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला आणि त्या जमातींना ‘विमुक्त’ म्हटले जाऊ लागले. शब्द उदात्त आहे, आणि त्या समाजांनी तो अभिमानाने स्वीकारला आहे. त्याला नावे ठेवण्याचा अधिकार इतर कोणाला नाही. तरीही वस्तुस्थिती सांगायची तर वाक्य असे करावे लागेल : राज्यसत्तेने धरले होते, राज्यसत्तेने सोडले. आणि त्यापुढे जोडावे लागेल : सोडले, पण ते सुटले नाहीत. मुंबई राज्यात १९५९ साली सराईत गुन्हेगारांविषयीचा कायदा आला. पोलिसांच्या वहीतला संशय तर कोणत्याही कायद्याने रद्द होणारा नव्हता. लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) हे आत्मकथन स्वातंत्र्योत्तर काळातल्या, म्हणजे ‘विमुक्त’ झालेल्या जमातीच्या जगण्याचे आहे, हे ध्यानात घेऊन ते वाचले तर सोडणे आणि सुटणे यांतील अंतर पानोपानी जाणवते. त्या पुस्तकाच्या समीक्षेत मात्र ‘मुक्ती’ हा शब्द इतका सैल वापरला गेला आहे, की हे अंतर समीक्षेला दिसलेच नाही असे म्हणावेसे वाटते.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो दुर्लक्षण्यासारखा नाही. ‘सोडणे’ हा शब्द संदिग्ध आहे, त्यात त्यागही आहे आणि सुटकाही. हक्कांची भाषा बोलताना निःसंदिग्ध शब्द हवा, म्हणून ‘मुक्त’, ‘मुक्ती’ हे शब्द आवश्यक ठरतात. डॉ. आंबेडकरांनी १९३६ च्या मे महिन्यात मुंबईच्या महार परिषदेतील भाषणाला ‘मुक्ती कोन पथे?’ असे नाव दिले, ते विचारपूर्वक दिले. शेतकरी संघटनेने ‘कर्जमाफी’ नाकारून ‘कर्जमुक्ती’चा आग्रह धरला, तोही विचारपूर्वक, ‘माफी’त गुन्ह्याची कबुली आहे, असे शरद जोशी यांचे म्हणणे होते. या दोन्ही ठिकाणी ‘मुक्ती’ हा शब्द योग्यच आहे. पण दोन्ही ठिकाणी तो नाम म्हणून येतो, ध्येयाचे नाव म्हणून येतो. तेथे पोचायचे कसे, हे सांगताना पुन्हा साध्या क्रियापदांकडेच यावे लागते. आंबेडकरांच्या अनुयायांनी गावकीची कामे ‘सोडली’. महारकी सोडणे या प्रयोगात, ज्यांना गावाने धरून ठेवले होते तेच धरणारे बनून हात काढून घेतात. गावाने त्यांना सोडलेले नव्हते. १९५८ साली कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा होण्याच्या कितीतरी आधी, बहिष्कार आणि मारहाण सोसून, त्यांनी वतन सोडले. ‘महार वतनातून मुक्त झाले’ असे लिहिणारा अभ्यासक त्यांच्या कर्तेपणावरच पाणी सोडतो. राहता राहिली संदिग्धता. ‘सोडणे’ संदिग्ध नाही. धरणाऱ्याने हात काढला, एवढेच ते सांगते. धरलेल्याचे पुढे काय झाले, ते सांगण्याची जबाबदारी ते घेत नाही. त्यासाठी भाषेत दुसरे क्रियापद ठेवलेले आहे. शब्दाच्या प्रामाणिकपणाला संदिग्धता म्हणणे बरोबर नाही.

उलट ‘सोडणे’ हे क्रियापद जेव्हा कागदावर चुकीच्या कर्त्याला जोडले जाते, तेव्हा ते किती मोठा खोटेपणा करू शकते, हेही पाहिले पाहिजे. ‘शाळा सोडल्याचा दाखला’ हा महाराष्ट्रातील प्रत्येकाच्या परिचयाचा कागद. त्यात शाळा सोडण्याचे कारण लिहिण्याची जागा असते. सातवीतून मुलीला घरी बसवले, धाकट्या भावंडांना सांभाळायला ठेवले, की पोटापाण्यासाठी ऊसतोडीच्या फडावर नेले, तरी कागद म्हणतो की तिने शाळा सोडली. तिच्या आईला विचारले तर ती म्हणते, ‘तिची शाळा सुटली.’ किती अचूक वाक्य आहे हे! ज्याची म्हणून शाळा, ते षष्ठीत, क्रिया अकर्मक, सोडणारा कोणी नाही, कारण त्या मुलीच्या हातून ती निसटली. आईच्या व्याकरणात जे आहे ते दाखल्याच्या व्याकरणात नाही.

‘हक्कसोडपत्र’ हा असाच दुसरा कागद. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाप्रमाणे जन्मतः वाटा देणारी सुधारणा महाराष्ट्रात १९९४ साली झाली, केंद्रीय कायद्यात २००५ साली झाली, आणि वडील तेव्हा हयात असोत वा नसोत, मुलीचा हक्क अबाधित आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. या तिन्ही टप्प्यांबरोबर निबंधकाच्या कार्यालयातील हक्कसोडपत्र अधिक परिचयाचे झाले. बहीण माहेरी येते, साडीचोळी होते, आणि ‘स्वखुशीने, कोणत्याही दडपणाशिवाय’ अशा ठरीव शब्दांखाली तिची सही किंवा अंगठा घेतला जातो. ‘सोडणे’ला आधी ‘धरणे’ लागते, हे वर दाखवले आहे. या बहिणीने तो हक्क कधी धरला होता? सातबाऱ्यावर तिचे नाव बहुधा लागलेलेच नसते, किंवा लागले तर सोडपत्र करण्यापुरतेच लागते. जमिनीची ती धारक झाली ती ज्या कागदाने, त्याच कागदाने तिचा हात काढला गेला. क्रियापदाचे व्याकरण पूर्ण करण्यासाठी धरण्याचा एक क्षण रचावा लागतो, आणि कायद्याच्या भाषेने तो रचला.

या बाईविषयी तिच्या सासरच्या शेजारणी जे म्हणतात त्यात ‘सोडणे’ नसते. ‘माहेरच्या वाट्याला मुकली बिचारी’, असे त्या म्हणतात. ‘मुकणे’ हा शब्द प्राकृत ‘मुक्क’ या रूपावरून आला, आणि ‘मुक्क’ म्हणजे संस्कृतातला ‘मुक्त’. ‘मोकळा’ हा शब्दही त्याच कुळातला मानला जातो. ‘मुक्त’ हा शब्द संस्कृतातून पुन्हा उसना आणून लेखनभाषेने उंच आसनावर बसवला. पण लोकांच्या तोंडी घासत घासत जो ‘मुक्त’ आला, त्याने मराठीत गमावण्याचा अर्थ घेतला. मराठी व्युत्पत्तीच्या अभ्यासकांनी ही नोंद फार पूर्वीच करून ठेवली आहे. शब्दार्थकोशाच्या पुढच्या आवृत्तीत ‘सोडणे’, ‘सुटणे’, ‘सोडवणे’, ‘टाकणे’ आणि ‘मुकणे’ या पाच नोंदी एकमेकींच्या संदर्भाने आणि वरच्यासारख्या चालत्या वाक्यांसह लिहिल्या जाव्यात, आणि ‘सोडणे’खालचा पहिला अर्थ ‘धरलेली वस्तू, व्यक्ती किंवा हक्क यांवरील पकड काढून घेणे’ असा असावा. ‘मुक्त करणे’ हा अर्थ त्यानंतर, उदाहरणासह, आणि तो नेहमीच लागू पडत नाही या टिपेसह द्यावा.